भिंग घरी ठेवून बोर्डापुढे जाऊ नका

दिव्यांगाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय बोर्डापुढे जाणाऱ्या, कमी दिसणाऱ्या माणसांसाठी हे लिहितेय. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. वय ४६. बारावीला असताना फळ्यावरच्या शब्दांची मधलीच अक्षरं गायब व्हायला लागली. आधी चष्म्याचे नंबर बदलून झाले, मग नवस झाले आणि शेवटी स्टारगार्ट नावाचा आजार निघाला. यात दृष्टिपटलाचा मधला भाग, मॅक्युला, हळूहळू निकामी होतो आणि चष्म्याने ते भरून येत नाही. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. त्यामुळे मी रस्त्यातला खड्डा चुकवते, पण समोरून येणारी सख्खी नणंद ओळखत नाही. "तुम्ही तर नीट चालता की" हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरसुद्धा देत नाही.

माझं काम पाचपट मोठं दाखवणाऱ्या, खाली दिवा असलेल्या भिंगावर चालतं. कागदावर ठेवून सरकवायचं. त्यातून एका वेळी चार-पाच अक्षरं दिसतात, जास्त नाहीत. पासबुकावर ३१,४५० लिहिलं असेल तर आधी ३१ दिसतं, मग भिंग सरकवलं की ४५०, आणि मध्ये स्वल्पविराम होता की डाग हे बघायला परत मागे. शेजारचा मुलगा जे पान दोन मिनिटांत तपासतो त्याला मला वीस लागतात आणि दुपारनंतर मान धरते. वाचता येतं, पण असं.

दिव्यांगाचा दाखला काढायला मी २०१९ मध्ये पहिल्यांदा सिव्हिलला गेले, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी बजावलं होतं, "भिंग नेऊ नकोस. वाचताना बघितलं की म्हणतील हिला दिसतंय." मी ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, वाचायला काय वापरता? मी म्हटलं, काही नाही. ते फाईल चाळत होते आणि फाईलमध्येच लो व्हिजन क्लिनिकचा, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना साधनं देणाऱ्या दवाखान्याचा, कागद होता, पाचपट भिंग दिल्याचा. ते हसले. "अहो, भिंगाचे टक्के कापत नाहीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी शिक्षा पुढे होती. खिडकीवर एक प्रिंट पुढे आली, "माहिती बरोबर आहे ना, सही करा." भिंग घरी. मला कागदावर राखाडी ओळी दिसल्या, मी सही केली. दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड आलं त्यावर जन्मसाल चुकलेलं. आधारशी जुळेना, म्हणून पुढचा प्रत्येक अर्ज अडकला. दुरुस्तीत पाच महिने गेले.

डॉक्टर जे बोलले त्याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण निम्मी माणसं इथेच घाबरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टी मोजायची ती जास्तीत जास्त सुधारणा करून, म्हणजे चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावून, आणि चांगल्या डोळ्याची. भिंग, दुर्बीण, मोबाईलवर अक्षरं मोठी करणं हे त्यात धरत नाहीत. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. हातातलं भिंग तिथे उपयोगाचंच नाही. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं ते तुम्हाला ६ मीटरवरून दिसतं. चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या खाली आणि ३/६० पर्यंत असेल तर कायद्याने ती अल्पदृष्टी. त्याखाली गेली तर अंधत्व.

दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचं कोष्टक दोन्ही डोळे धरून साधारण असं चालतं. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० च्या दरम्यान असले तर ४० टक्के. माझा उजवा ६/६०, डावा ४/६०, म्हणून ५०. एक डोळा चांगला आणि दुसरा पूर्ण गेलेला असला तर मात्र ३० च मिळतात, आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. एका डोळ्याच्या माणसांच्या हे मनाला फार लागतं, पण नियम तसा आहे.

माझ्या मावसभावाची गोष्ट उलटी. त्याला रातांधळेपणापासून सुरू झालेला आरपीचा, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसाचा आजार. तक्ता तो ६/९ पर्यंत वाचतो, पण नळीतून बघितल्यासारखं दिसतं. पहिल्या वेळी त्याला नुसता तक्ता वाचायला लावून घरी पाठवलं. दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल तर तीही अल्पदृष्टीच. तुमचा त्रास कडेचा असेल तर फील्ड टेस्टचा, म्हणजे क्षेत्र मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल आधीच काढून न्या आणि तोंडाने सांगा, "क्षेत्र बघा." न सांगता कुणी बघेल या भरवशावर राहू नका.

आता जाण्याआधीची तयारी. नेत्रतज्ज्ञाकडून ताजा कागद घ्या. त्यावर आजाराचं नाव, दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह दृष्टी आणि ती सुधारण्यासारखी आहे की नाही हे लिहून मागा. ओसीटीची (दृष्टिपटलाच्या स्कॅनची), फील्डची प्रत जोडा. मोतीबिंदूसारखं ऑपरेशनने बरं होणारं काही असेल तर ते आधी उरकायला सांगतात, त्याची तयारी ठेवा.

अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा. कॅप्चाची ती वेडीवाकडी अक्षरं माझ्यासारखीला दिसणं शक्य नाही. मी ई-सेवा केंद्रात बसून भरून घेतला, पण नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच, एकेक अक्षर त्या मुलाला मोठ्याने वाचायला लावून. त्याला कंटाळा आला. येऊ दे. अर्जाचा नंबर एसएमएसने येतो, तो जपून ठेवा.

बोर्डाच्या दिवशी सोबत कुणीतरी न्याच. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की राहिलेलं दिसणंही चार-पाच तास जातं. आमच्याकडे बोर्ड बुधवारी असतो, तुमच्याकडे कोणता वार ते आधी फोन करून विचारा. केस पेपर काढा, रोजचा चष्मा, भिंग, उन्हाचा चष्मा, जुनी फाईल, सगळं पिशवीत घाला. चष्मा विसरलात तर परत यायला सांगतील.

तपासणीत एक गोष्ट माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवायची. मधलं दिसत नाही म्हणून आपण मान वाकडी करून, कडेने बघायला शिकलेलो असतो. टेक्निशियन ओरडतो, "सरळ बघा." सरळ बघितलं की काहीच दिसत नाही, वाकडं बघितलं की दोन ओळी दिसतात, आणि त्याला वाटतं बाई नाटक करतेय. खोलीत शिरल्या शिरल्याच सांगा, "मी कडेने बघते, मधलं गेलंय." आणि खरोखरचं नाटक अजिबात करू नका. व्हीईपीसारख्या तपासण्यांत डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा संदेश मोजतात, तिथे अभिनय चालत नाही. रोज काय अडतं ते सांगा, बसची पाटी, नोटा, गॅसची ज्योत.

दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आत भिंग काढा. नाव, जन्मतारीख, टक्के, अल्पदृष्टी की अंधत्व, कायमस्वरूपी की ठरावीक वर्षांसाठी. रांगेतली माणसं चुकचुकतील, चुकचुकू दे. टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं, तेही लेखी आणि तपासणीचे कागद जोडून. नजर आणखी उतरली तर नव्याने तपासणी मागता येते.

मिळतं काय? एसटीच्या साध्या गाडीला ७५ टक्के सूट. ही मी सर्वांत जास्त वापरते. रेल्वेत मात्र फसू नका, तिथली सवलत अजिबात दृष्टी नसलेल्यांना आहे, अल्पदृष्टीला नाही. मी फॉर्म घेऊन स्टेशनवर तासभर उभी राहून हे शिकले. नोकरदारांनी ऑफिसात दाखल्याची प्रत देऊन व्यवसाय कर बंद करून घ्या, वर्षाचे २,५०० वाचतात. आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर दिव्यांगांसाठीची ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,०००. उत्पन्न फारच कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर चौकशी करा. परीक्षा देणाऱ्या मुलांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती शाळेत आधी अर्ज देऊन मागून घ्यावी लागतात.

आणि ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, हे बऱ्याच ग्रामसेवकांना आपण आठवण केल्यावर आठवतं. आमच्या गावात मी अर्ज दिला. तोंडी सांगितलं असतं तर सतरंज्या आल्या असत्या. अर्जात नेमकं लिहिलं, "टेबलावर ठेवायचा, अक्षरं मोठी करणारा स्क्रीन", क्लिनिकचं पत्र आणि दुकानाचं कोटेशन जोडलं. दीड वर्ष लागलं, पण आला.

कार्डावरचा नंबर इतका बारीक छापलेला असतो की ज्याच्यासाठी कार्ड आहे त्यालाच तो वाचता येत नाही. मी प्लॅस्टिकच्या कव्हरमागे काळ्या जाड मार्करने लिहून ठेवलाय आणि कार्डाचा फोटो मोबाईलच्या पहिल्याच पानावर. कंडक्टरने मागितला की बोटांनी मोठा करायचा आणि त्याच्यापुढे धरायचा.