कबड्डी, रग्बी लीग, आणि गुडघा गेल्यावर कोच

मी सिडनीत रग्बी लीगचा कोच आहे, आणि खेळणं झालं की कोचिंगमध्ये कसं जायचं ते सांगणार आहे, पण आधी एक घोळ मिटवतो. सांगलीला गेलो की कोणीतरी विचारतंच, "मॅचच्या आधी ते काळ्या कपड्यातले मांड्या थोपटून ओरडतात, तेच ना?" ते नव्हे. ते न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स, रग्बी युनियन, पंधरा जणांचं. मी खेळलो आणि आता शिकवतो ते रग्बी लीग, तेरा जणांचं. सिडनीच्या पश्चिम पट्ट्यात, पेनरिथ, ब्लॅकटाऊन, पॅरामॅटाकडे नुसतं "फुटी" म्हटलं तरी हेच समजतात. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून युनियनपासून वेगळी चूल मांडली, आणि त्याचं कारण कळल्यावर मला हा खेळ एकदम आपल्यातला वाटायला लागला. कारण काय, तर खाडा. खाणीत नि गिरणीत राबणारे गडी शनिवारी मॅचला गेले की तेवढा पगार कापला जायचा, क्लब म्हणायचे आम्ही भरून देतो, आणि वरचे साहेब म्हणाले पैसे घेऊन खेळणं आमच्यात चालत नाही. झालं, फाटलं.

मी २००८ ला शिकायला आलो, रात्री वेअरहाऊसमध्ये काम. तिथल्या टोंगन सुपरवायझरने खांद्याकडे बघून विचारलं फुटी खेळलायस का, म्हटलं नाही पण कबड्डी खेळलोय जिल्ह्यापर्यंत. त्याला यूट्यूबवरचा कुठलातरी धुरकट व्हिडिओ दाखवला. दोन मिनिटं बघून तो म्हणाला, "हे तर टॅकलच आहे, तुम्ही फक्त बॉल घरी विसरलात." पुढच्या मंगळवारी मी त्याच्या क्लबच्या ग्राउंडवर होतो, सगळ्यात खालच्या ग्रेडमध्ये, उधारीचे बूट घालून.

पहिल्याच मॅचला समोरून शंभर किलोचा प्रॉप, म्हंजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, बॉल घेऊन सरळ माझ्यावर आला आणि मी जे वीस वर्षं केलं तेच केलं, खाली सूर मारला, घोटा पकड. कबड्डीत रेडर पाय काढून घेतो, तेव्हा ते जमतं. हा माणूस पाय काढत नव्हता, पळत होता. त्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला आणि पुढचं मला आठवत नाही, नंतर सांगितलं की मी रेफ्रीशी मराठीत बोलत होतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या दोन वर्षांत बऱ्याच पोरांनी (आणि पोरांच्या आईवडिलांनी) विचारलं की खेळणं झालं की कोचिंगमध्ये कसं जायचं. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. चांगला खेळलात म्हणून शिकवता येत नाही, उलट जे तुम्हाला आपोआप येतं ते शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घोटा पकड मला आपोआप येत होती, म्हणून ती चुकीची आहे हे माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा सीझन गेला. दुसऱ्याच्या शरीरातली सवय मोडायला किती वेळ लागतो हे मला तिथे कळलं, आणि खरं सांगायचं तर कोच म्हणून आज जे काही येतं त्यातलं अर्धं तिथूनच आलंय.

आता टॅकल कसं शिकवतात बघा. आठ वर्षांच्या पोराला "डोकं सेफ ठेव" म्हणून काही उपयोग नाही, तो डोळे मिटून घेतो. त्याला सांगायचं, गालाला गाल. म्हंजे तुझा गाल त्याच्या ढुंगणाला, इंग्रजीत दोन्हीला "चीक"च म्हणतात. पोरं हसून हसून लोळतात, पण विसरत नाहीत. पळणाऱ्याच्या बाजूने जायचं, खांदा त्याच्या मांडीवर, डोकं मागच्या बाजूला, हातांनी कवळ घालायची आणि पाय चालूच ठेवायचे. सुरुवात दोघांनीही गुडघ्यावर बसून, मग एकाने चालत, मग हळू पळत. हल्ली अगदी लहान्यांना आधी नुसतं टॅग असतं, कमरेची पट्टी ओढायची, आणि टॅकल-रेडी नावाचा प्रोग्राम झाल्यावरच खरं टॅकल. काही जुने लोक नाकं मुरडतात, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. मला हे आवडलं, माझ्या वेळी असतं तर माझा कान वाचला असता.

गुडघा गेला २०१५ ला, लिगामेंट. ऑपरेशन, नऊ महिने घरी. तेव्हा क्लबातल्या एकाने सांगितलं की लीगसेफचा, म्हंजे मॅचमध्ये पाणी घेऊन आत जाणाऱ्यांचा, कोर्स कर आणि पिवळा शर्ट घालून पाणी ने. मला अपमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण कोचिंगची खरी शाळा तीच निघाली. पाणी घेऊन आत जायचं आणि कोचचा निरोप द्यायचा, हातात पाच सेकंद, समोर तेरा दमलेले लोक. पहिल्या मॅचला कोचने सांगितलेलं सगळंच्या सगळं पाठ करून गेलो, "डावीकडे त्यांचा विंगर आत येतोय म्हणून आपण लास्ट टॅकलला तिकडे किक मारायची पण त्याआधी..." आमच्या हूकरने (मधून बॉल वाटणारा गडी) बाटली तोंडाला लावली, परत दिली आणि निघून गेला. एक शब्दही गेला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या मॅचपर्यंत मी "लास्टला डावीकडे" (लास्ट म्हंजे शेवटचं टॅकल, ते पुढे सांगतो) एवढ्यावर आलो. ते जायचं. म्हणून म्हणतो, अजून खेळत असाल तेव्हाच हे काम धरा, जखमी असाल त्या महिन्यांत तर नक्कीच, कारण साइडलाइनवरून लाइन दिसते, आतून फक्त समोरचा माणूस दिसतो.

लाइन म्हंजे काय हे नवीन लोकांसाठी. बॉल ज्यांच्याकडे त्या टीमला सहा टॅकल मिळतात. प्रत्येक वेळी गडी आडवा झाला की उठून बॉल टाचेने मागे सारतो, डिफेन्स दहा मीटर मागे जातो आणि परत पुढे येतो. सहाव्या टॅकलला बॉल समोरच्याला द्यावा लागतो, म्हणून त्याआधी किक. आता तेरा जणांनी ऐंशी मिनिटं दहा मीटर मागे-पुढे एका रेषेत करायचं आणि मधे एकजण जरी अर्धं पाऊल आधी निघाला तरी भोक पडतं. कबड्डीच्या साखळीत पण हात सुटला की हेच होतं. मी पोरांना अजून साखळी करून पळवतो, हात धरून, आणि एकालाही ती कुठली आयडिया आहे माहीत नाही.

मोठ्या लोकांचं बघितलं तरी कोचिंग सरळ रेषेत जात नाही. आयव्हन क्लिअरी, खेळाडू म्हणून किकर, १९९८ ला एका सीझनमध्ये २८४ पॉइंट काढलेला माणूस. २०११ ला न्यूझीलंडच्या वॉरियर्सना ग्रँड फायनलला, म्हंजे सीझनच्या शेवटच्या टायटलच्या मॅचला, नेलं, हरला. पेनरिथ क्लबला आला, २०१५ ला पेनरिथनेच काढून टाकलं. मग वेस्ट्स टायगर्स, आणि २०१९ ला परत त्याच पेनरिथला, जिथे त्याचा स्वतःचा मुलगा नेथन हाफबॅक, म्हंजे मैदानात खेळ चालवणारा. २०२० ची फायनल मेलबर्नकडून हरले आणि मग २०२१ ते २०२४ ओळीने चार टायटल. २०२३ ची फायनल मी घरी बघत होतो, ब्रिस्बेन २४-८ ने पुढे, मी उठून चहा टाकायला गेलो, आणि पेनरिथ २६-२४ ने जिंकलं. बायको अजून चहावरून बोलते.

क्रेग बेलामीचं वेगळंच. कॅनबेराकडून खेळला, मग बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली, वेन बेनेटकडे ब्रिस्बेनला असिस्टंट, आणि चाळिशी ओलांडल्यावर २००३ ला मेलबर्नचा हेड कोच. २०१० ला क्लबने खेळाडूंच्या एकूण पगारावरची लीगची मर्यादा मोडल्याचं उघड झालं, २००७ आणि २००९ ची टायटल गेली आणि उरलेला सीझन एकाही पॉइंटशिवाय खेळायचा होता. जिंकलं तरी शून्य. त्या ड्रेसिंग रूममध्ये सोमवारी सकाळी काय बोलायचं, सांगा. दोनच वर्षांनी २०१२ ला परत जिंकले. बेनेट तर आधी पोलिसात होता. आणि इंग्लंडच्या विगन क्लबचा कोच मॅट पीट प्रोफेशनल खेळलेलाच नाही, त्याच्या टीमने फेब्रुवारी २०२४ ला वर्ल्ड क्लब चॅलेंजमध्ये (इंग्लंडकडचे आणि ऑस्ट्रेलियाकडचे चॅम्पियन यांची मॅच) क्लिअरीच्या पेनरिथला १६-१२ ने हरवलं. आपण वरच्या लेव्हलला खेळलो नाही म्हणून जे मागे राहतात त्यांनी हे लक्षात ठेवा.

पण हेही लक्षात ठेवा की एनआरएलमध्ये, म्हंजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आत्ता १७ क्लब आहेत, म्हंजे हेड कोचच्या १७ खुर्च्या. त्याखालच्या स्पर्धा म्हंजे एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स, सिडनीचं राज्य) कप, २१ वर्षांखालची जर्सी फ्लेग, १९ खालची एसजी बॉल, १७ खालची हॅरॉल्ड मॅथ्यूज, तिथे थोडेफार पैसे. लोकल क्लबात सगळं फुकट. मला वर्षाला एक जॅकेट मिळतं. मी दिवसा इलेक्ट्रिशियन आहे आणि तेच बरंय, घराचा हप्ता जॅकेटवर जात नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. एनएसडब्ल्यूमध्ये मुलांबरोबर काम करायला वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांबरोबर काम करायची सरकारी तपासणी) लागतो, व्हॉलंटियरला फुकट, पाच वर्षं चालतो, आधी तो काढा. मग वयोगटाप्रमाणे कोचिंगचा कोर्स, क्लब सांगतो कुठला ते.

सगळ्यात अवघड भाग मात्र कोर्समध्ये नसतो, तो म्हंजे आईबाप. मागच्या सीझनला आमच्या सोळा वर्षांखालच्या एका मुलाला डोक्याला लागलं, उठला, चाललासुद्धा, पण मी स्कोअर विचारला तर आधीच्या आठवड्याचा सांगितला. बाहेर. ऑस्ट्रेलियात आता कम्युनिटी लेव्हलला डोक्याला लागलं की निदान २१ दिवस मॅच नाही आणि त्यातले सलग १४ दिवस कसलाही त्रास नको, तरच परत कॉन्टॅक्ट. पुढच्याच शनिवारी सिलेक्शन होतं. बाप गाडीपर्यंत माझ्या मागे आला, आधी विनंती, मग आवाज, मग "तू स्वतः कुठल्या लेव्हलला खेळलायस रे?" मी म्हटलं सगळ्यात खालच्या, आणि माझी पहिली मॅच मला आठवत नाही. त्याला ते उत्तर वाटलं नाही. पोरगा महिनाभराने खेळला, बाप माझ्याशी अजून बोलत नाही.

आणि काढून टाकतात. मलाही काढलंय, एका क्लबाने, तीन सीझननंतर, टेक्स्ट मेसेजवर. जेमतेम दोन ओळींचा, त्यात माझं नाव चुकीचं. आठवडाभर कोणाशी बोललो नाही, मग दुसऱ्या क्लबाला ईमेल केला.

तो ईमेल कधी करायचा ते सांगून थांबतो. ग्रँड फायनल ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते आणि त्यानंतर क्लब पुढच्या वर्षाचे कोच शोधायला लागतात, तेव्हा लिहा आणि आधी असिस्टंट म्हणूनच मागा. फेब्रुवारीत गेलात तर जी टीम कोणी घेतली नाही ती मिळते, ती बहुतेक सहा वर्षांखालची असते, आणि एका तासाच्या ट्रेनिंगमधली वीस मिनिटं बुटांच्या नाड्या बांधण्यात जातात.