काळ्या मातीत नॅनो-सिलिका वापरताना या चुका टाळा

दख्खनच्या बेसॉल्टपासून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं, म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या खाली ती पक्की करायची तर चुन्याने ती बरीच आटोक्यात येते. चुन्याच्या जोडीला कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का नॅनो-सिलिका (सिलिकेचे अतिसूक्ष्म कण) दिली, तर ताकद लवकर चढते, कारण सिलिका चुन्याशी संयोग पावून सिमेंटमध्ये होतं तसंच कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट बनवते. मात्र त्यासाठी कण मातीत पोचेपर्यंत सुटे राहायला हवेत. गुठळ्या झाल्या तर ती नुसती बारीक वाळू.

सगळ्यात जास्त माल बादलीतच वाया जातो. बाजारात मिळणारी कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगत्या नॅनो-कणांचं द्रावण) साधारण 30 टक्क्यांची आणि 9 ते 10 पीएचची असते. सारख्या ऋणभारामुळे तिचे कण एकमेकांपासून लांब राहतात. कॅल्शियम आलं की हा भार निष्प्रभ होतो. त्यामुळे चुना कालवलेल्या पाण्यात सिलिका ओतली की मिश्रण दह्यासारखं फाटतं, आणि ते कितीही ढवळलं तरी पूर्ववत होत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होतं, फक्त सावकाश.

आधी छोटी चाचणी घ्या. साइटवरचं पाणी दहा भाग आणि सिलिका एक भाग काचेच्या ग्लासात मिसळून दोन तास ठेवा. बाजूने बॅटरी धरल्यावर निळसर झाक दिसली तर ठीक. पांढरे तुकडे तरंगत असतील किंवा तळाला साका असेल, तर पाणी बदला. बादली प्लास्टिकची घ्या, आणि कडेला वाळलेली पापडी खरवडून परत आत टाकू नका, कारण वाळलेली सिलिका पुन्हा सुटी होत नाही.

कोरडी नॅनो-पावडर थेट मातीत टाकून फावड्याने फिरवणं ही दुसरी मोठी चूक. ती पिशवीतच गुठळलेली असते, शिवाय उडते आणि फुफ्फुसात जाते. पावडरच वापरायची असेल तर एन-95 मास्क लावा, ती थोडी थोडी पाण्यात सोडा आणि वेगवान मिक्सरने फेटा. प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिक प्रोब (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी दांडी) थांबत थांबत चालवा आणि बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवा.

क्रम असा ठेवा: माती फोडा (साइटवर रोटाव्हेटरने), चुन्याची फक्की कोरडी मिसळा, थोडं पाणी देऊन 24 तास झाकून ठेवा, मग पातळ केलेली सिलिका फवारत कालवा आणि लगेच दाबा. माती चुनाच पिऊन बसली तर सिलिकेच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून किमान चुना आधी काढा: 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली 25 ग्रॅम माती आणि 100 मिलि ऊर्ध्वपातित पाणी घ्या, दर बाटलीत चुन्याचं प्रमाण वाढवत जा, तासभर अधूनमधून हलवा. ज्या प्रमाणाला पीएच 12.4 येतो तो किमान चुना, आणि त्याच्यावर एक-दोन टक्के जास्त धरा. उघड्या पोत्यातला जुना चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मेलेला असतो, तो नको.

पाण्याचा हिशेबही इथेच चुकतो. समजा कोरडी माती 10 किलो, मातीतला मूळ ओलावा 8 टक्के आणि मिश्रणाची ओएमसी (सर्वांत घट्ट दाबली जाण्यासाठी लागणारा ओलावा) मातीच्या वजनावर 24 टक्के आहे. 0.5 टक्के सिलिका म्हणजे 50 ग्रॅम घन, म्हणजेच 30 टक्क्यांचं 167 ग्रॅम द्रावण. त्यात 117 ग्रॅम पाणी आलंच. एकूण 2,400 ग्रॅम पाण्यातून मातीतले 800 आणि द्रावणातले 117 वजा करा. उरलेल्या 1,483 ग्रॅममध्येच मुरवण्याचं आणि सिलिका पातळ करण्याचं पाणी बसवा. आणि ही ओएमसी नुसत्या मातीची चालत नाही, कारण चुन्याने ती वाढते. ती काढणारी प्रॉक्टर चाचणी मिश्रणावरच करा.

जास्त डोस म्हणजे जास्त ताकद नव्हे. साधारण एक टक्क्यापलीकडे गुठळ्या वाढतात आणि ताकद उतरू लागते. 0.25, 0.5, 0.75 आणि 1 टक्का असे ताकदीच्या चाचणीसाठी प्रत्येकी तीन नमुने घ्या, आणि सोबत फक्त चुन्याचे तीन हवेतच. ते नसले तर सिलिकेने नेमकं काय दिलं हे कळणारच नाही. सात दिवसांच्या आकड्यावर विसंबू नका. सिलिका सुरुवातीचा वेग वाढवते, म्हणून 28 दिवसांचे आकडे आणि चार दिवस भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर (रस्त्याखालच्या थराची भार पेलण्याची क्षमता) बघा. नमुने प्लास्टिकमध्ये बंद ठेवा, वाळले तर प्रक्रिया थांबते. मातीत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) असेल तर हा उपाय नको. चुना आणि सल्फेट मातीशी मिळून एट्रिंगाइट हे फुगणारं खनिज बनतं आणि थर उचलला जातो, तिथे नॅनो-सिलिकेच्या भरवशावर राहू नका.

नमुना तुटल्यावर फेकायच्या आधी तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे (चुना असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाचे) थेंब टाका. सगळीकडे सारखा गुलाबी रंग आला तर चुना नीट पसरलाय. मग भिंगातून बघा: नखाने कुस्करणारे पांढरे ठिपके दिसले तर त्या सिलिकेच्या गुठळ्या असण्याची शक्यता मोठी, आणि दोष डोसमध्ये नसून कालवण्यात आहे.