नववा महिना लागलाय, घरात नक्की काय तयारी करायची

पहिल्या वेळी मी 36व्या आठवड्यापर्यंत नुसती झबली आणि दुपटीच घेत सुटले होते आणि बॅग भरायची राहूनच गेली, मग ऐन रात्री नवऱ्याने जी भरली त्यात बाळाचे सात फ्रॉक होते, माझा चष्मा आणि चार्जर घरीच. दुसऱ्या वेळी शहाणपण आलं, म्हणून हे लिहितेय. खरेदी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो, ती कोणीही करतं. घर तयार करायचं ते खरं तर आईसाठी, तिला उठावं लागू नये म्हणून.

आधी तारखेचं बघू. ड्यू डेट म्हणजे 40 आठवडे पूर्ण होण्याचा दिवस, पण नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात. 37 ते 42 मध्ये कधीही असंच धरून चाला, त्यामुळे बॅग 35-36 व्या आठवड्याला भरून दाराशी. आणि ती सोबत येणाऱ्या माणसालाच भरू द्या, तुम्ही फक्त बसून सांगा. का, तर कळा चालू असताना "अगं टॉवेल कुठल्या कप्प्यात" हा प्रश्न ऐकायचा नसतो. फाईल, सगळे रिपोर्ट, ओळखपत्र, इन्शुरन्सचे कागद, पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, चपला, लांब वायरचा चार्जर, बाळाचे दोन-तीन जोड, टोपडं, नॅपी. सोबतच्या माणसाचेही कपडे टाका, त्याचं सगळे विसरतात.

आता कधी निघायचं ते. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, डॉक्टरांच्या नंबरसकट, कारण त्या वेळी कोणाचंच डोकं चालत नाही. पहिलटकरणीला सहसा असं सांगतात की दर 5 मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकते आणि असं तासभर चाललंय, की निघा. पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, आणि दुसरं बाळ असेल तर इतकी वाट बघू नका, ते घाईत असतं. चालल्यावर, कुशी बदलल्यावर थांबल्या तर त्या बहुतेक खोट्या कळा. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी फोन करायचा, वेळ आणि रंग लक्षात ठेवायचा, हिरवट किंवा तपकिरी असेल तर लगेच निघायचं. रक्त जायला लागलं, किंवा डोकं भयंकर दुखतंय, डोळ्यासमोर चमकतंय, चेहरा-हात एकदम सुजलेत, बरगडीखाली दुखतंय, तर सकाळची वाट बघत बसू नका, रक्त सोडून बाकीचं हे बीपी वाढल्याचं असू शकतं.

आणि एक, ज्यावर मी भांडायलाही तयार आहे. "शेवटी शेवटी बाळ शांत होतं, जागा नसते ना" असं कोणीतरी सांगतंच. चूक. हालचालीची तऱ्हा बदलते पण बाळ हलायचं कमी होत नाही. कमी वाटली तर त्याच दिवशी फोन, मग रात्रीचे 2 का वाजलेले असेनात. झोपताना कुशीवर झोपा, पाठीवर नको, जाग आल्यावर पाठीवर सापडलात तर घाबरू नका, परत कुशीवर वळा झालं.

घरात एक कोपरा ठरवा जिथे बसून तुम्ही पाजणार. नवीन बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पितं, म्हणजे जवळजवळ दिवसभर तिथेच मुक्काम. पाठीला टेका असलेली खुर्ची, एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली, काहीतरी खायला, मऊ कपडे, मंद दिवा. हे सगळं हात लांब केला की मिळालं पाहिजे, कारण बाळ मांडीवर झोपलं की तुम्ही अडकलात. नॅपी पहिल्या दिवसांत रोज 10-12 सहज लागतात, पण सगळ्यात लहान साईजचा साठा करू नका, बाळ भराभर वाढतं.

झोपायची जागा मात्र जितकी रिकामी तितकी चांगली. घट्ट सपाट गादी, नीट बसणारी चादर, बाळ पाठीवर, बस. उशी, जाड पांघरूण, कडेची गादीदार पट्टी, सॉफ्ट टॉय काही नको, गिफ्ट आलेलं सगळं कपाटात. बाळ तुमच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर झोपवा, आणि सोफ्यावर त्याला छातीवर घेऊन डुलकी काढायची नाही, म्हणजे बाबांनी पण नाही (आमच्याकडे हे तीनदा सांगावं लागलं).

मग कामाची वाटणी, आणि ती बाळ यायच्या आधीच. "मी मदत करेन" हे वाक्य काही उपयोगाचं नाही. कपडे कोण धुणार, स्वयंपाक कोण करणार, रात्री ढेकर काढून नॅपी कोण बदलणार, मोठं मूल असेल तर त्याला शाळेत कोण सोडणार, नावं घालून लिहा. भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं कामही एकाला द्या, आईला नको. सर्दी-खोकला असलेल्यांनी नंतर यायचं, हात धुवायचे, पापे नाहीत.

थर्मामीटर आधीच घेऊन ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 डिग्री म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला की घरी औषध न देता सरळ डॉक्टर. आणि आईला पहिले काही दिवस उगीच रडू येतं, ते दोन आठवड्यांत ओसरतं, त्यापुढे चाललं तर तेही डॉक्टरांना सांगायचं, आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर त्याच क्षणी सांगायचं, हे नवऱ्यालाही आत्ताच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तिला स्वतःला ते कळेलच असं नाही.

हां, आणि दाराची बेल बंद करून ठेवा, मी दोन्ही वेळा विसरले.