इंटरनेट पुरवठादाराकडील मेल आपल्या लिनक्स सर्व्हरवर आणताना

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातील अनेक पतसंस्था, वाचनालये आणि छोट्या कारखान्यांची मेल आजही इंटरनेट पुरवठादाराने दिलेल्या एखाद्या मेलपेटीतच येते. ती पेटी लहान असल्यामुळे लवकर भरते आणि प्रत्येक संगणक तीच मेल पुन्हा पुन्हा उतरवून घेत असल्यामुळे आधीच मंद असलेली लाईन आणखी मंदावते. कार्यालयात लिनक्सचा एक जुना संगणक सर्व्हर म्हणून चालू ठेवला, तर तो ठरावीक वेळाने मेल एकदाच आणू शकतो आणि मग सर्वांना ती आतल्या नेटवर्कवरूनच वाचता येते. हे काम फेचमेल हा प्रोग्रॅम उत्तम करतो. एरिक रेमंड यांनी तो 1996 च्या सुमारास पॉपक्लायंट या जुन्या प्रोग्रॅमवरून घडवला.

मात्र सुरुवात फेचमेलपासून करू नये. फेचमेल मेल साठवून ठेवत नाही, तर ती बाहेरून आणून आपल्याच सर्व्हरवरील मेल स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमकडे पोर्ट 25 वर (मेल घेण्यासाठी ठरलेल्या जोडणी-क्रमांकावर) सोपवतो. म्हणून आधी पोस्टफिक्स हा मेल स्वीकारणारा प्रोग्रॅम बसवावा. तो फक्त याच संगणकाकडून आलेल्या जोडण्या स्वीकारील अशी व्यवस्था करावी आणि त्याच्या 'मायडेस्टिनेशन' या ओळीत (कोणत्या नावांची मेल स्वतःकडे ठेवायची ते सांगणाऱ्या) 'लोकलहोस्ट', म्हणजे हाच संगणक, आहे याची खात्री करून घ्यावी. सर्व्हरवरची मेल इतर संगणकांवरून वाचण्यासाठी डव्हकॉट हा प्रोग्रॅम लागेल. हे झाल्यावर सर्व्हरवरूनच प्रत्येक लेखनिकाच्या खात्यावर एक चाचणी मेल पाठवावी, आणि ती त्यांच्या संगणकावर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या टप्प्यावर पोस्टफिक्समधील 'सॉफ्ट बाऊन्स' ही सोय चालू करावी, असा माझा आग्रह आहे. मांडणीत चूक राहिली की पोस्टफिक्स मेल कायमची नाकारतो आणि फेचमेल ती पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. ही सोय चालू असेल तर तोच नकार तात्पुरता समजला जातो आणि मेल पुरवठादाराच्या पेटीत सुखरूप राहते. एका पतसंस्थेत मी एका खात्याच्या नावातील एक अक्षर चुकवले होते. निपाणीच्या एका सभासदाने 'माझी मेल परत आली' असा फोन केला, तेव्हा कुठे ती चूक लक्षात आली.

आता फेचमेलची फाईल लिहावी. वापरकर्त्याच्या घरफोल्डरात, नावाआधी टिंब असलेली 'फेचमेलआरसी' ही ती फाईल होय. तिच्यात 'पोल' या शब्दानंतर पुरवठादाराच्या मेल सर्व्हरचे नाव, मग 'प्रोटोकॉल पॉप3' (पॉप3 म्हणजे पेटीतून मेल उतरवून घेण्याची पद्धत), 'यूजर' आणि 'पासवर्ड', 'इज' व 'हिअर' यांच्यामध्ये आपल्याकडील खात्याचे नाव, आणि शेवटी 'एसएसएल' (जोडणी सांकेतिक करणारा शब्द) व 'कीप' असा क्रम ठेवावा. हे सर्व शब्द अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचे आहेत. पासवर्ड उघड्यावर असल्यामुळे फाईलची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी, कारण ती इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतो. 'कीप'मुळे मूळ मेल पुरवठादाराकडे तशीच राहते. निदान पहिले काही दिवस तो शब्द काढू नये.

एसएसएलसह पॉप3 साठी पोर्ट 995 आणि आयमॅपसाठी (मेल पेटीतच ठेवून वाचण्याच्या पद्धतीसाठी) 993 वापरला जातो. पेटी रिकामी करत राहायची असेल तर पॉप3 पुरेसा आहे. आयमॅप निवडल्यास फेचमेल सहसा फक्त न वाचलेली मेल आणतो, त्यामुळे व्यवस्थापकांनी मोबाईलवर आधीच उघडलेले पत्र सर्व्हरवर येतच नाही. सर्टिफिकेटविषयी (पुरवठादाराच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याविषयी) त्रुटी आली तर तपासणी बंद करण्याचा मोह टाळावा आणि आधी आपल्या सर्व्हरचे घड्याळ पाहावे. वीज वारंवार जाते तिथे जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सीआर 2032 सेल संपलेला असतो, वीज परत आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि मग कोणतेच सर्टिफिकेट वैध ठरत नाही. सेल बदलून एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू केले की ही त्रुटी जाते.

पहिल्यांदा फेचमेल 'व्हर्बोज' या सविस्तर माहिती दाखवणाऱ्या पर्यायासह हाताने चालवावा आणि सर्व्हरशी होणारा संवाद ओळ न् ओळ वाचावा. बाहेरून एक मराठी आणि एक कन्नड विषयाची मेल जोडपत्रासह पाठवून पाहावी, कारण आपल्याकडे सभासदांची पत्रे मराठीत आणि सरकारी नोटिसा कन्नडमध्ये येतात आणि दोन्ही नीट दिसायला हव्यात. सर्व ठीक असल्यास 'सेट डीमन 300' ही ओळ फाईलच्या आरंभी घालावी, म्हणजे दर पाच मिनिटांनी मेल येत राहील.

खानापूरच्या पावसाळ्यात लाईन मध्येच तुटणे नित्याचे असते, आणि 'कीप' काढल्यानंतर त्याचा त्रास वेगळ्या रूपात जाणवतो. पॉप3 मध्ये पुसलेली मेल खरोखर पुसली जाते ती 'क्विट' ही सत्र संपवणारी आज्ञा पोचल्यावरच. त्यामुळे चाळीस पत्रे उतरल्यावर जोडणी तुटली, तर पुढच्या फेरीत तीच चाळीस पुन्हा येतात. यावर फाईलमध्ये 'एक्सपंज 5' लिहिणे हा उपाय आहे, कारण त्यामुळे फेचमेल दर पाच पत्रांनंतर सत्र संपवून नवे सुरू करतो.

सगळ्यांची मेल एकाच पेटीत घेऊन ती नावांवरून वाटण्याची सोयही फेचमेलमध्ये आहे, पण ती शक्यतो वापरू नये. गुप्त प्रतीने आलेल्या पत्रावर खऱ्या प्राप्तकर्त्याचे नाव बहुधा नसतेच, मग ते पत्र भलत्याच्या हाती पडते. प्रत्येकासाठी वेगळी पेटी मागून घ्यावी.

आठवडाभर दोन्हीकडील पत्रांची संख्या जुळत राहिली, की सर्व्हरवरील मेलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, 'सॉफ्ट बाऊन्स' बंद करावे आणि मगच 'कीप' हा शब्द काढावा.