अठरानंतर काय? कॉलेजची तयारी अशी करा
आधी तुमच्या दिव्यांग मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, पण दिव्यांगत्व ४० टक्के तरी लागतं.

कोर्स बघताना सर्टिफिकेटपेक्षा हे विचारा, पैसे मोजायला, स्वतःचा डबा भरायला शिकवतात का?

प्रवास मात्र घरच्यांनीच शिकवा. ठाणे-वाशी लोकल, आधी शेजारी बसा, मग डब्याच्या दुसऱ्या टोकाला, मग नुसतं वाशीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहा, महिने लागतील, लागू द्या, पोरगं एकटं उतरतं ना तेव्हा डोळेच भरतात हो.

ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर १८ नंतर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालकत्वासाठी, म्हणजे मुलाच्या वतीनं निर्णय घेण्याच्या अधिकारासाठी, अर्ज करता येतो, पण सही करायला त्यालाही शिकवाच.