ट्रॅकवर नेण्याआधी मॅन्युअल गिअरबॉक्स मजबूत कसा करावा

वाईहून पसरणीचा किंवा साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची सारखी अदलाबदल होते, तरीही कंपनीचा गिअरबॉक्स वर्षानुवर्षे टिकतो. तोच गिअरबॉक्स ताकद वाढवलेल्या इंजिनाला जोडला की लवकर मोडतो, कारण गिअरच्या दात्यांवरचा भार अश्वशक्तीने नव्हे, तर टॉर्कने (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराने) आणि त्याहूनही अधिक त्या टॉर्कच्या अचानक बसणाऱ्या झटक्याने ठरतो. 190 न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनाचा पहिला गिअर 3.5 प्रमाणाचा असेल, तर पुढच्या शाफ्टवर सुमारे 665 न्यूटन-मीटर पोहोचतात. जास्त आरपीएमवर क्लच एकदम सोडला तर फ्लायव्हीलच्या जडत्वामुळे हा आकडा क्षणभर आणखी वाढतो. (घाटाचा उल्लेख केवळ उदाहरणापुरता आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे, आणि गाळप हंगामात वळणापलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असू शकतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.)

बहुतेक जण आधी कडक क्लच बसवतात, आणि माझ्या मते क्रम तिथेच चुकतो. घसरणारा क्लच झटका स्वतःवर घेतो; स्प्रिंग नसलेली, एकदम पकडणारी प्लेट तो थेट दात्यांपर्यंत पोहोचवते. म्हणून वाढलेल्या टॉर्कला पुरेल इतकीच पकड असलेली, मध्यभागी स्प्रिंग असलेली प्लेट निवडावी. सैल झालेले इंजिन माउंटिंगही त्याच वेळी बदलावे, कारण चाके उसळू लागली की प्रत्येक उसळीचा धक्का गिअरपर्यंत येतो.

त्यानंतर केसिंग आणि बेअरिंग. तिरप्या दात्यांचे गिअर आवाज कमी करतात, परंतु भाराखाली ते दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून दूर ढकलतात आणि लांबीच्या दिशेनेही रेटतात. ॲल्युमिनियमची केसिंग त्यामुळे किंचित जरी फाकली, तरी दाते पूर्ण रुंदीवर न टेकता कडेवर टेकू लागतात आणि तुकडा तिथूनच उडतो. तेव्हा बेअरिंग जुनी असल्यास सगळी एकदम बदलावीत, टेपर बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे जोडतानाच दिलेला दाब, शिम (पातळ चकत्या) लावून मॅन्युअलमधील मापानुसारच ठेवावा, आणि त्या मॉडेलसाठी जाड रिटेनर प्लेट किंवा आधारपट्टी मिळत असेल, तर महागड्या गिअरच्या आधी ती घ्यावी. फिलर गेजने सिंक्रो रिंग (गिअर बदलताना दोन भागांचा वेग जुळवणारी कडी) आणि गिअर यांमधील फट मोजावी. अनेक लहान गाड्यांत ती 0.5 मिमीपेक्षा कमी झाली की रिंग बदलतात.

मूळ गिअरच वापरायचे असल्यास शॉट पीनिंगचा सर्वाधिक उपयोग होतो. दात्याच्या मुळाशी, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त असतो, तिथे बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागात दाब निर्माण होतो आणि भेग सुरू होणे लांबते. सांगली-कोल्हापूर भागातील फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंगचे यंत्र सहज सापडेल, पण ते ओतकाम साफ करण्यासाठी असते. पीनिंगमध्ये गोळ्यांचा आकार, वेग आणि मारा आल्मेन पट्टीवर (माऱ्याने किती वाकते ते पाहण्याची चाचणी-पट्टी) तपासून नियंत्रित करावा लागतो, म्हणून हा फरक विचारूनच काम द्यावे. बेअरिंगच्या जागा आणि सिंक्रोचे कोन झाकून घ्यावेत. कार्ब्युराइझ केलेले (पृष्ठभागात कार्बन मुरवून कठीण केलेले) दाते घासून कधीही बारीक करू नयेत, कारण कठीण थर मुळातच पातळ असतो.

सरळ दात्यांचे गिअर लांबीच्या दिशेचा रेटा काढून टाकतात; मात्र त्यांचा घणघणाट रोजच्या वापराच्या गाडीत सहन होत नाही. ते पूर्णवेळ ट्रॅकच्या गाडीसाठीच ठेवावेत.

ऑइलबाबत हयगय करू नये. मॅन्युअलमध्ये जीएल-4 (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितले असेल, तर केवळ अधिक दमदार समजून जीएल-5 ओतू नये. त्यातील जादा गंधक-फॉस्फरसयुक्त घटक काही पितळी सिंक्रो रिंगांना घातक ठरू शकतात. चुंबकीय ड्रेन प्लग बसवावा आणि जोडणीनंतरचे पहिले काही शे किलोमीटर सौम्यपणे चालवून ऑइल काढावे. प्लगवर राखाडी, मऊ लेप दिसणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारा लोखंडी कण दिसला तर गिअरबॉक्स पुन्हा उघडावा, आणि ऑइलमध्ये पिवळसर चमक दिसली तर ती चुंबकाला चिकटणार नाही, परंतु सिंक्रो रिंग झिजत असल्याचे त्यातून कळते.