सारुवाका-माचीची चांदणी रात्र घरात लावताय? या चुका टाळा

काबुकीची नाटकगृहं एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, मध्यवस्तीत नकोत म्हणून १८४२ च्या सुमारास सरकारने ती असाकुसाकडे हलवली. त्या नव्या नाटकपेठेची, म्हणजे सारुवाका-माचीची, पौर्णिमेची रात्र चित्रकार हिरोशिगेने १८५६ साली ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेत दाखवली. रस्त्यावर माणसं, आणि प्रत्येकाच्या पायाशी करडी सावली. त्या काळच्या जपानी छापचित्रांत (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांत) सावली क्वचितच दिसते. मी आधी ते पाण्याचे डागच समजलो होतो!

या चित्राची प्रत घेताना सगळ्यात मोठी फसगत होते ती तारखेवरून. चित्रावर ‘ड्रॅगन वर्षा’चा (जपानी पंचांगात १८५६ हे ड्रॅगन वर्ष) शिक्का दिसला की विकणारा म्हणतो, १८५६ चंच आहे. पण तो शिक्का ठशातच कोरलेला असतो. नंतर कोणी हुबेहूब नवे ठसे कोरले, तर तोही कोरणार. तेव्हा शिक्का वाचा, पण भिंगही काढा. बारीक रंगीत ठिपके दिसले, तर ते छापखान्यातलं यंत्राचं काम. हाताच्या छपाईत रंग सलग बसतो, आणि कागद उलटा केला की बऱ्याचदा मागेही उतरलेला दिसतो. मात्र मागे रंग उतरला म्हणजे जुनं, असंही नाही; आजही जपानमध्ये हाताने प्रती छापतात.

आकाशाचा निळा एका प्रतीत गडद, दुसऱ्यात फिका दिसला म्हणून लगेच ‘उडाला’ म्हणू नका. ओल्या फळीवर रंग पुसत पुसत ही छटा आणतात, तिला बोकाशी म्हणतात. छपाई करणाऱ्याचा हात जसा फिरेल तशी ती उतरते.

आता फ्रेम. या मालिकेचा कागद साधारण ३६ बाय २४ सेंटिमीटर, ए-फोरपेक्षा मोठा. माझ्या प्रतीचा (नवीच होती, नशीब) फ्रेमवाल्याने तयार चौकटीत बसावं म्हणून डावा समास सरळ कापला. प्रकाशक उओया एइकिचीचं नाव नेमकं तिथेच होतं. आधी कागद, मग चौकट, हे दुकानात बजावून सांगा.

लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची किनार, घाला. आपल्याकडे पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद सोडवताना रंगासकट निघतो. ऊन येतं ती भिंत सोडा.